एकोणिसावी सूचना

६ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

बातमी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचतेस हे मला ठाऊक आहे. काल डेपोच्या डॉक्टरने माझं वजन केलं. ब्याऐंशी! पोटाच्या ऑपरेशनच्या दिवशी एकशे अडतीस होतो. छप्पन्न किलो गेले, म्हणजे घरातली एक अख्खी बायको गेली, असं मी म्हटलं तर तुझी वहिनी दोन तास माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरने कागदावर शिक्का मारला, ‘बस चालवण्यास योग्य’. वर्षापूर्वी ह्याच बाबाने मला ड्रायव्हरच्या सीटवरून उठवून हरवलेल्या छत्र्या सांभाळायला खिडकीत बसवायचं ठरवलं होतं. आता माझ्या आणि स्टिअरिंगच्या मधे एवढी जागा राहते की डबा ठेवून जेवता येईल. जेवण असतं तर.

तुझा तक्ता अजून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. हॉस्पिटलच्या कागदांवरून तू उतरवलेल्या अठरा सूचना, शाळेतल्या अक्षरात, खाली लाल रेघा. एका वेळी अर्धी वाटी. चावून चावून. जेवताना पाणी नाही. येणारा जाणारा प्रत्येक जण आधी तो वाचतो आणि मग माझ्याकडे बघतो.

एक गंमत. आमच्या वर्कशॉपमधला वेल्डर रिटायर झाला. कॅन्टीनमध्ये केक कापला, मला चालत नाही, म्हणून कोणीतरी हातात वाइनचा पेला दिला. मी आयुष्यात कधी घेतली नव्हती, तुला माहीतच आहे, मला जेवणच पुरायचं. अर्धाच पेला घेतला आणि काय सांगू! पाच मिनिटांत कान गरम, पाय हलके. वेल्डरच्या गळ्यात पडून रडलो म्हणे. त्या माणसाशी मी नोकरीत दोनदा बोललो असेन. लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो, खूप दिवसांनी. घरी बसनेच आलो, पण मागच्या सीटवर बसून.

मास्तर भावजींना नमस्कार सांग. कानाचं मशीन लावतेस का? लावलंस तर फोनवर बोलता येईल, बोटं दुखतात लिहून.

तुझा,
ढब्बू (नावापुरता)

१५ मार्च

प्रिय ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

ब्याऐंशी! मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू हलत नाही, तरी डाव्या बाजूने हसले. मी तुमच्याकडून परत आले आणि पंधरा दिवसांत ते पडले, नाहीतर आणखी राहिले असते तुझ्या डोक्यावर बसायला. मशीनचं नाव काढू नकोस. कानात घातलं की सगळ्या गल्लीतली भांडी माझ्या डोक्यात पडतात. पत्रच बरं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या वाचल्या, तुझी चार पानं काय जड आहेत?

वेल्डरचं वाचून आधी रागावणार होते. मग नाही रागावले. का, ते सांगते. तुमच्याकडे होते तेव्हा एक दिवस सगळे जेवत होते आणि तुझ्यापुढे दोन चमचे दही होतं. ते संपवून तू भिंतीकडे तोंड करून बसलास आणि तुझे खांदे हलत होते. मी बघितलं नाही असं दाखवलं. पण तेव्हापासून मनात टोचतंय रे. ऑपरेशन कर, ऑपरेशन कर म्हणून तुझ्यामागे भुणभुण मी लावली होती. तुला काय काय आवडायचं ते मला सोडून कोणाला माहीत आहे? तुला पहिला घास मी भरवलाय, आईला तेव्हा उठवत नव्हतं.

म्हणून तू हसलास हे वाचून बरं वाटलं. कधीतरी एखादा घोट झाला तर झाला. सवय नको, एवढंच.

तुझी,
ताई

२१ जुलै

ती. ताईंना,
सा. न.

मी तुम्हाला वेगळं पत्र कधी लिहीत नाही. हे लिहिलंय ते ह्यांना कळू देऊ नका, एवढी विनंती आधी करते.

हे रोज पितात. वेल्डरचा तो दिवस झाला, मग कोणाचा वाढदिवस, मग रविवार, आणि एप्रिलपासून रोज. आता वाइन नाही, ब्रँडी. ऑपरेशननंतर सूप मोजायला हॉस्पिटलने औषधाचा जो इवलासा प्लास्टिकचा पेला दिला होता, त्यातूनच घेतात. मी काही बोलले की तो पेला माझ्या नाकासमोर धरतात. ‘ह्यात चिमणीची तहान भागणार नाही, आणि तू मला दारुड्या म्हणतेस?’ पण ताई, दोन पेल्यांत डोळे बदलतात. दहा मिनिटांपूर्वी माझ्याशी बोलत होता तो माणूसच नसतो. जेवत नाहीत. घास अडकतो, उलटी होते. ही मात्र सरळ खाली जाते.

मी हॉस्पिटलच्या आहारवाल्या बाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, पोट लहान केलं, आतड्याची वाट बदलली, आता दारू कुठे थांबतच नाही, थेट रक्तात जाते. एक पेला चार पेल्यांचं काम करतो. आणि जेवणाचा नाद सुटलेले बरेच जण ह्याला लागतात म्हणे, दुसऱ्या वर्षात. मी घरी येऊन हे सांगितलं. तर तक्त्याकडे बोट दाखवलं. ‘कुठे लिहिलंय? ताई काही विसरते का?’

मी त्यांची बायको आहे, माझं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतात. त्यांना बस चालवायची असते, ताई. रोज पाचशे माणसं चढतात त्या गाडीत. रागावून चार ओळी लिहा.

तुमची,
वहिनी

२८ जुलै

प्रिय वहिनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. ढब्बू एकशे अडतीस किलोचा होता तेव्हा तू त्याच्या ताटावर नजर ठेवायचीस. आता ताट गेलं तर पेल्यावर. त्या माणसाच्या तोंडचं सगळं आपण काढून घेतलं. दिवसभर लोकांच्या शिव्या खात गाडी चालवतो. संध्याकाळी औषधाच्या पेल्याने दोन पेले घेतले तर कुठे आभाळ कोसळलं? दारुडे मी पाहिले आहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप होते. ते बाटल्या रिचवतात. आपल्या घराण्यात कोणी पीत नाही, ते रक्तातच नाही आमच्या.

तक्त्यात काय आहे आणि काय नाही, ह्याचा कीस काढू नकोस. तो काही कायद्याचा ग्रंथ नव्हे.

सोबतची चिठ्ठी त्याला दे.

ताई

(सोबतची चिठ्ठी)

ढब्बू, वहिनीचं पत्र आलं होतं. बायकांना काळजी असते, तू मनावर घेऊ नकोस. जेवण जात नसेल तर संध्याकाळी लहान दोन पेले घेत जा. त्यापेक्षा जास्त नको. माझी परवानगी आहे असं सांग तिला. मात्र अंडं रोज खायचंच. – ताई

१९ ऑगस्ट

ताई, ताई, ताई!

हेडबाई असावी तर अशी! तुझी चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे, चुंबकाखाली, तक्त्याच्या बरोब्बर समोर. तुझी वहिनी फ्रिज उघडताना मान खाली घालते. घालू दे. चहाडी केली ना माझी? मी काही बोललो नाही तिला. बोललो थोडं. मग तिने रडून घेतलं आणि मी पण रडलो, आणि मग झालं.

अक्षराला हसू नकोस. सकाळी हात जरा थरथरतो, व्हिटॅमिन कमी पडतं ना आम्हा ऑपरेशनवाल्यांना. म्हणून पहिली पाळी नको म्हणून सांगितलं, दुपारची मागून घेतली. गेटवर फुंकायचं मशीन बसवलंय नवीन, सगळ्या ड्रायव्हरांनी त्यात फुंकायचं, म्हणे शिस्त. दुपारपर्यंत माणूस कसा स्वच्छ होतो, काही भानगड नाही. शेवटच्या थांब्यावर बारा मिनिटं गाडी उभी असते. तिथे एक बाक आहे, झाडाखाली, पाण्याची बाटली घेऊन मी तिथे बसतो. बारा मिनिटं मला कोणी काही विचारत नाही. ताई, दिवसातली तेवढीच बारा मिनिटं माझी.

तू किती चांगली आहेस हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. तू किती चांगली आहेस. हे मी आधी लिहिलं का?

ढब्बू

२ सप्टेंबर

प्रिय ढब्बूस,

तुझं अक्षर बघून मला शाळेतला तू आठवलास, पहिलीतला. हात थरथरतो तो अशक्तपणाने. गोळ्या वेळेवर घे आणि दुपारी झोप काढ. पाण्याच्या बाटलीत लिंबू पिळून नेत जा, तरतरी येते.

तू लिहिलंस ते वाचून मला रडू आलं. असं तू कधी बोलला नव्हतास. मी मास्तरांना वाचून दाखवलं. ते मानेने नाही नाही करत होते. आता त्यांचं कशाला हो आणि कशाला नाही, मला कळत नाही.

ताई

२५ सप्टेंबर

ढब्बू,

दोन पत्रांना उत्तर नाही. वहिनीलाही लिहिलं, तिचंही नाही. माझ्यावर रुसला आहात का दोघं? एक ओळ तरी लिही. नुसतं ‘बरा आहे’ लिही.

ताई

११ ऑक्टोबर

ती. ताईंना,

उत्तर द्यायला उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे.

सतरा सप्टेंबरला दुपारी चारच्या फेरीला ह्यांची गाडी फूटपाथवर चढली आणि बसथांब्याच्या शेडवर गेली. शेडमध्ये एक आजीबाई होत्या. खांदा आणि मनगट मोडलं. जिवावरचं टळलं. गाडीतल्या तिघांना टाके पडले. ह्यांना खरचटलंही नाही.

पाण्याच्या बाटलीत ब्रँडी होती. गेटवर फुंकून झालं की मग शेवटच्या थांब्यावर प्यायची, असा हिशेब बसवला होता. रक्त तपासलं तर आकडा एवढा आला की अधिकारी म्हणाला, हा माणूस अर्धी बाटली प्यायलेला आहे. हे शपथ घेऊन सांगत होते, चारच पेले, लहान पेले. खरं सांगत होते ताई. बाटली मी बघितली, चारच पेले कमी होते. पण कोण विश्वास ठेवणार?

लायसन्स गेलं. नोकरी गेली. केस चालू आहे.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. चौकशीच्या दिवशी ह्यांनी खिशातून तुमची चिठ्ठी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. ‘माझी बहीण हेडमिस्ट्रेस होती, तिने लिहून दिलंय, दोन पेले चालतात.’ साहेबांनी ती वाचली. शेजारच्या बाईंनी वाचली. कोणी हसलं नाही. त्यांनी ती फाइलला लावून घेतली.

माझा तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होते. आहे. पण तो धरून बसायला मला वेळ नाही. हे दिवसभर घरात असतात.

वहिनी

१८ ऑक्टोबर

प्रिय वहिनीस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. जुलैतलंही काढून वाचलं. तू सगळं लिहिलं होतंस. एकूण एक. मी बाईसाहेब तुला शिकवायला निघाले होते.

आता माझं ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हॉस्पिटलच्या कागदावर अठरा नव्हे, एकोणीस सूचना होत्या. शेवटची होती दारूची. पूर्ण बंद, कारण तुला आहारवाल्या बाईंनी सांगितलं तेच. मी ती वाचली. स्केचपेन हातात होतं. मनात आलं, आपल्याकडे कोण पितंय? स्वयंपाकघराच्या भिंतीवर दारूचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं, चार माणसं येतात जातात, काय म्हणतील? म्हणून गाळली. तू तक्त्याचं विचारलंस तेव्हा ते मला चटकन आठवलं. आठवलं म्हणूनच तुला तसं तोडून लिहिलं. हे सगळ्यात वाईट.

त्या आजीबाईंचा पत्ता मिळाला तर कळव. काय लिहीन माहीत नाही.

मला तिकडे यायचं आहे. मास्तरांना इथे बघायला कोणी नाही. घास भरवला नाही तर ते तोंड उघडत नाहीत. दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी नाही म्हटलं. मी इथे नुसती फेऱ्या मारते आहे घरात. मला माफ कर म्हणत नाही. तू रागाव. पण त्याला कुठेतरी दाखव, उपचार असतात म्हणे. तक्ता फाडून टाक.

ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

एकवीस दिवस झाले, थेंब नाही. व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात होतो, परवा घरी आलो. हात सरळ आहे, बघ अक्षर.

तुझ्या वहिनीने मला तुझं पत्र दाखवलं. तक्ता मी काढला, भिंतीवर चौकोन राहिलाय पांढरा. ताई, तू त्या ओळीचं उगाच उरी धरून बसू नकोस. हॉस्पिटलची फाइल मी पण वाचली होती. तू झोपलीस की मी काढून बघायचो, मला कधी काय खाता येईल ते शोधायला. एकोणिसावी सूचना मला पाठ होती. तक्त्यात ती नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. मी गप्प बसलो, कारण तेव्हा मला तिच्याशी काही घेणं नव्हतं. आणि जेव्हा घेणं आलं तेव्हा गप्प बसणं सोयीचं होतं.

वेल्डरची गंमत मी तुला का लिहिली माहीत आहे? त्या दिवसानंतर मी घरी बाटली आणली होती. पत्र लिहिताना ती कपाटात होती. मला वाटलं, ताई वाचेल आणि कान धरेल. लहानपणी धरायचीस तसा. तू लिहिलंस, झाला तर झाला. मग मला वाटलं, चला.

हे तुला बोचावं म्हणून लिहीत नाही. दवाखान्यात सांगतात, खरं लिहा. तर लिहिलं. मला तेव्हा कोणीतरी ओरडायला हवं होतं, आणि ओरडलं असतं तर मी त्याचंही ऐकलं नसतं बहुतेक. ती आजीबाई मला रोज दिसते. शेडमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे बघत होती. बस आली म्हणून उठायला लागली होती.

दिवस फार मोठे आहेत, ताई. खाता येत नाही, गाडी नाही, बाटली पण नाही. माणसाने करायचं काय दिवसभर?

ढब्बू

१७ नोव्हेंबर

ढब्बू,

कान धरायला सांगतोस ना? घे.

अजिबात प्यायची नाही. एक पेला नाही, एक घोट नाही, कोणाचं लग्न असो की मयत असो. वास घ्यायचा नाही. ज्या दुकानात मिळते त्या रस्त्याने जायचं नाही, लांबून जा, तुझे पाय आता हलके आहेत. हात थरथरला तर थरथरू दे. रडू आलं तर वहिनीसमोर रड, भिंतीकडे तोंड करून नाही. करायचं काय विचारतोस? ऊठ, आंघोळ कर, चाल, मला पत्र लिही. रोज लिही. ‘आज नाही प्यायलो’ एवढंच लिही. रोज मी त्याला उत्तर देईन.

तू माझ्याआधी गेलास तर मी तुला क्षमा करणार नाही. ऐकतोयस? तुला मी वाढवलंय. मला हे बघायला लावू नकोस, रे बाळा. मी पाया पडते तुझ्या. मोठी असून पडते.

ताई

२९ नोव्हेंबर

ती. ताईंना,
सा. न.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. ह्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि डोळे पुसले. मग खिशात घातलं आणि म्हणाले, पोस्टाची पाकिटं घेऊन येतो, ताईला रोज लिहायचंय. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी दारात उभी राहून बघत होते, कोपऱ्यावर वळेपर्यंत.

दोन तासांनी आले. पाकिटं आणली होती, तीस. मला म्हणाले, बस, तुला ताईचं पत्र वाचून दाखवतो. वाचायला लागले. अजिबात प्यायची नाही, एक पेला नाही, एक घोट नाही. जीभ अडखळत होती, ताई. ओळ सुटायची, परत मागून धरायचे. ‘पाया पडते’ इथे आले आणि हुंदके देऊन रडले, कागद छातीशी धरला, आणि म्हणाले, बघ, असं कोण लिहितं? मी त्यांचे बूट काढले. झोपवलं. उठल्यावर काल काय झालं ते त्यांना आठवत नव्हतं, पण पत्र पुन्हा वाचलं आणि पुन्हा रडले. मग पुन्हा बाहेर गेले.

आता समोरच बसले आहेत. मी लिहिते आहे ते त्यांना तिथून दिसत नाही. मला म्हणतात, ताईला लिही, मी सोडली म्हणून. लिहिते म्हटलं. लिहिलंस का, म्हणून तीनदा विचारून झालं. लिहिलं म्हटलं.

दवाखान्यात परत न्यायचं तर ह्यांना स्वतः सही करावी लागते. करत नाहीत. सोडली तर सही कशाला, म्हणतात.

तुम्ही या. मास्तरांना घेऊनच या, खाट टाकू, दोघींनी मिळून बघू. तुम्ही आलात म्हणून काही होईल असं मला वाटत नाही. पण या. मला एकटीला हे बघवत नाही.

तुमची,
वहिनी